पौर्वात्य तत्त्वज्ञान वाचायला सुरुवात कुठून करावी?

पाऊलवाट (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात आमचा चौघांचा एक वाचनगट आहे. दर रविवारी सकाळी जमतो, थोडं वाचतो आणि त्यावर बोलतो. इतिहास, आत्मचरित्रं, थोडं अर्थशास्त्र असं वाचून झालं. आता पूर्वेकडचं तत्त्वज्ञान मुळापासून वाचावं असं सगळ्यांच्याच मनात आहे. भारतातलं तर हवंच, पण चीन-जपानकडचंही.

अडचण अशी की पुस्तकांच्या दुकानात दोनच टोकं दिसतात. एकीकडे मनःशांतीची पुस्तकं. त्यांत बुद्ध, लाओत्से आणि उपनिषदं एकाच वाक्यात येतात आणि तिघंही एकच सांगत असतात. दुसरीकडे दासगुप्तांच्या इतिहासाचे पाच खंड. पहिल्या प्रकारातून हाती काही लागत नाही आणि दुसऱ्याच्या पहिल्या खंडातच आम्ही थकलो.

मराठी आणि इंग्रजी आम्हाला व्यवस्थित येतं. दोघांनी शाळेत पूर्ण संस्कृत घेतलं होतं, त्यामुळे शेजारी भाषांतर असेल तर श्लोक लावता येतो. पाली आणि चिनी अजिबात येत नाही. घाई नाही, वर्ष-दीड वर्ष लागलं तरी चालेल. देव आहे की नाही यावर वाद घालायचा नाही. ही माणसं नेमकं काय म्हणत होती आणि का म्हणत होती, ते समजून घ्यायचं आहे.

घाटमाथा

गीता. आणि तीही विनोबांच्या 'गीता प्रवचने'मधून. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी एक अशी अठरा अध्यायांवर अठरा प्रवचनं झाली आणि ती साने गुरुजींनी लिहून घेतली. तुमचाही वार रविवारच आहे. ऐकायला चोर-दरोडेखोरांपासून राजबंद्यांपर्यंत सगळे होते, म्हणून भाषा इतकी साधी आहे. त्यानंतर टिळकांचं 'गीतारहस्य' घ्या. त्यातली गीतेवरची चर्चा बाजूला ठेवली, तरी कर्म, नीती, सुखदुःख यांवर पूर्व-पश्चिमेची मतं समोरासमोर मांडणारी त्याची पहिली प्रकरणं मराठीत आजही तोडीस तोड नाहीत. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं पुस्तक आहे ते.

जुनी वही

आधी नकाशा हवा असं माझं मत. हिरियण्णांचं 'आउटलाइन्स ऑफ इंडियन फिलॉसॉफी' 1932 चं आहे, पण इतक्या कमी शब्दांत इतकं नेमकं लिहिणारा माणूस अजून मिळालेला नाही. तेही जड वाटलं तर त्यांचंच 1949 चं 'इसेन्शियल्स' घ्या. मराठीत श्रीनिवास दीक्षितांचं 'भारतीय तत्त्वज्ञान' आहे. त्यातली मांडणी सरळ आहे. संज्ञा अडल्या तर दे. द. वाडेकरांनी संपादित केलेल्या 'मराठी तत्त्वज्ञान महाकोशा'चे तीन खंड ग्रंथालयात बसून पाहता येतील आणि मराठी विश्वकोश तर आंतरजालावर फुकट आहे. नकाशा नसेल तर सांख्य आधी की बौद्ध आधी, कोण कुणाला उत्तर देतोय, काहीच कळत नाही.

अर्धमात्रा

जुनी वही, हिरियण्णांबद्दल पूर्ण सहमत. पण ते पहिलं पुस्तक असू नये असं मला मनापासून वाटतं. सर्वेक्षणात प्रत्येक दर्शनाला एक प्रकरण मिळतं. प्रमाणं, म्हणजे ज्ञानाची साधनं, किती, पदार्थ किती, मोक्ष म्हणजे काय, हे सगळं ओळीने येतं. वाचणाऱ्याच्या हाती नऊ याद्या पडतात आणि त्या याद्या कशासाठी केल्या होत्या ते हरवतं. ही सगळी माणसं एकमेकांशी वाद घालत होती. वादातला एक पक्ष काढून टाकला की उरलेला पक्ष सुविचार वाटायला लागतो. दुकानातली ती मनःशांतीची पुस्तकं अशीच तयार होतात.

म्हणून पाऊलवाट, माझी सूचना अशी. एक प्रश्न धरा आणि त्याच प्रश्नावर छोटे छोटे मूळ उतारे वाचा. 'मी म्हणजे नेमकं कोण?' हा प्रश्न घ्या. भारतात याच्याइतका कुठल्याच प्रश्नावर वाद झालेला नाही, आणि पुढे चीनमध्येही तो भेटतो.

पहिल्या रविवारी कठोपनिषद. वाजश्रवसाचा मुलगा नचिकेता यमाच्या दारात तीन रात्री उपाशी थांबतो. तिसरा वर म्हणून तो विचारतो, माणूस मेल्यावर काही म्हणतात तो उरतो, काही म्हणतात उरत नाही, खरं काय? यम टाळाटाळ करतो. गाई, हत्ती, सोनं, दीर्घायुष्य, सगळं देऊ करतो. मुलगा हटत नाही. तिसऱ्या वल्लीत यमाच्या तोंडी रथ येतो: आत्मा रथात बसलेला रथी, शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन हा लगाम, इंद्रियं घोडे. आपल्याकडे हे रूपक इतकं मुरलेलं आहे की तो एका पक्षाचा दावा आहे हे आपण विसरतो. दावा असा की घोडे, लगाम आणि सारथी यांच्यापलीकडे आत कुणीतरी बसलेला आहे.

पुढच्या रविवारी 'मिलिंदप्रश्न'. मिलिंद म्हणजे मिनँडर हा ग्रीक राजा, त्याची राजधानी सागल, म्हणजे आजचं सियालकोट. समोर भिक्षू नागसेन. राजा नाव विचारतो. भिक्षू म्हणतो, मला नागसेन म्हणतात, पण ते नुसतं नाव आहे, त्यामागे कुणी पुद्गल, म्हणजे व्यक्ती, सापडत नाही. राजा चिडतो आणि सभेतल्या पाचशे ग्रीकांना साक्षी ठेवून विचारतो: मग चीवर, म्हणजे भिक्षूचं वस्त्र, कुणाला दिलं जातं? ध्यान कोण करतो? खून झाला तर खुनी कोण? केस म्हणजे नागसेन का? नखं? दात? विज्ञान, म्हणजे जाणीव? सगळ्याला उत्तर 'नाही'. मग नागसेन उलट विचारतो, महाराज, भर दुपारी तापलेल्या वाळूवरून पायी आलात का? राजा म्हणतो, रथातून आलो. नागसेन विचारतो, दांडी म्हणजे रथ का? आस? चाकं? जू? आता 'नाही' म्हणायची पाळी राजाची असते.

रथ तोच आहे. यमाच्या रथात रथी बसलेला आहे. नागसेनाने रथ सुटा केला आणि आत कुणी नाही, शिवाय 'रथ' नावाची वेगळी वस्तूही नाही. हे दोन उतारे मिळून वीसेक पानं होतील. ते लागोपाठ वाचून जो वाद तुमच्या गटात पेटेल, तीच तुमची सुरुवात.

तिसरा पक्ष न्यायवाल्यांचा, म्हणजे तर्काचं शास्त्र मांडणाऱ्या न्यायदर्शनाचा, आणि मला तो सगळ्यात आवडतो. त्यांचं म्हणणं असं की जे मी डोळ्यांनी पाहिलं तेच आता हाताने चाचपतो आहे, ही ओळख पटते कशी? डोळ्याला स्पर्श कळत नाही, हाताला रंग कळत नाही. तर मग 'तेच हे' असं म्हणणारा दोघांपेक्षा वेगळा हवा. न्यायसूत्रांचा तिसरा अध्याय इथूनच सुरू होतो. आणि स्मरणाचा मुद्दा: एकाने पाहिलेलं दुसऱ्याला आठवत नाही. क्षणाक्षणाला माणूस नवा असेल, तर काल पाहिलेलं आज आठवतं कुणाला? बौद्धांना याचं उत्तर द्यावं लागलं आणि त्यांनी ते दिलंही.

देहापलीकडे आत्मा न मानणाऱ्या चार्वाकालाही बोलवा. त्याचं म्हणणं एका ओळीत येतं: किण्व (आंबवण) वगैरे घटक एकत्र आले की मादकता उत्पन्न होते, तशी पृथ्वी, पाणी वगैरे महाभूतं एकत्र आली की जाणीव उत्पन्न होते. माधवाचार्यांच्या चौदाव्या शतकातल्या 'सर्वदर्शनसंग्रहा'त सोळा दर्शनं आहेत आणि सुरुवात चार्वाकापासून आहे. मराठीत सदाशिव आठवल्यांचं आणि आ. ह. साळुंखे यांचं चार्वाकावरचं पुस्तक मिळतं. दोन्ही वाचा, दोघांची चार्वाकाकडे पाहण्याची नजर निराळी आहे.

एवढं झाल्यावर हिरियण्णा उघडा. मग याद्या बोलायला लागतात.

जुनी वही

हे पटण्यासारखं आहे. फक्त एक जोड देतो. उपनिषदं निवडताना बृहदारण्यकातला याज्ञवल्क्य-मैत्रेयी संवाद सोडू नका. कठात यम गुरू आहे आणि नचिकेता ऐकतो. मैत्रेयी मात्र अडवते. घर सोडून जायला निघालेला याज्ञवल्क्य तिच्यात आणि दुसरी बायको कात्यायनी हिच्यात संपत्तीची वाटणी करायला बघतो. ती म्हणते, जिच्याने मी अमर होणार नाही ती घेऊन काय करू? पुढे मेल्यानंतर संज्ञा, म्हणजे जाणीव, राहत नाही असं तो म्हणतो, तेव्हा ती स्पष्ट सांगते की इथे तुम्ही मला गोंधळात टाकलंत. वाचणाऱ्याच्या मनातली शंका तिथे मुळातच लिहिलेली आहे. दुसऱ्या अध्यायात हा संवाद एकदा येतो आणि चौथ्यात थोड्या फरकाने पुन्हा येतो. दोन्ही समोर ठेवून पाहा. इंग्रजीत ऑलिव्हेलांचं भाषांतर घ्या, टिपा भरपूर आहेत.

घाटमाथा

म्हणजे गीता नकोच म्हणता?

अर्धमात्रा

तसं नाही घाटमाथा. गीता तिसऱ्या-चौथ्या महिन्यात घ्यावी असं म्हणतोय. तिच्यात सांख्य आहे, योग आहे, उपनिषदांतल्या ओळी जवळजवळ जशाच्या तशा आहेत. त्या ओळखीच्या झाल्यावर गीता काय काय एकत्र आणते आणि कशासाठी आणते, ते दिसतं. 'गीता प्रवचने'ची गोडी त्यानंतर वाढेलच.

मांडवीकाठ

गोव्याहून लिहितेय, तर एक नाव माझ्याकडून यायलाच हवं. धर्मानंद कोसंबी. 1876 साली साष्टीतल्या सांखवाळला जन्म. रीतसर शिक्षण जवळजवळ नाही, घरी नारळाची बागायत. एका मराठी मासिकात बुद्धावरचा लेख वाचला आणि मुळातलं वाचायचंच या ध्यासाने घर सोडलं. पुण्याला, मग काशीला संस्कृत शिकले, नेपाळ पाहिला आणि शेवटी श्रीलंकेत विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांकडे पाली शिकले. पुढे हा माणूस हार्वर्डला 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी गेला आणि फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवू लागला. हे सगळं त्यांच्या 'निवेदन' या आत्मचरित्रात आहे. तुम्ही आत्मचरित्रं वाचता म्हणून आधी तेच सुचवते. 'कुठून सुरुवात करू?' हा प्रश्न त्यांना किती महागात पडला आणि त्यांनी तो किती आनंदाने सोडवला, ते त्यात दिसतं.

त्यानंतर त्यांचं 'भगवान बुद्ध'. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने घर सोडलं ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. कोसंबी ती बाजूला ठेवतात आणि पाली ग्रंथांतल्या जुन्या वचनांवरून दाखवतात की शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून चाललेलं भांडण आणि त्यातून उपसली जाणारी शस्त्रं, हे गृहत्यागामागचं कारण असावं. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही रोहिणीच्या पाण्याचा हा प्रसंग मोठा होऊन येतो. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचली तर एकाच सामग्रीतून दोन मोठ्या माणसांनी काय उभं केलं, ते कळतं. मराठी वाचकाच्या हाताशी ही दोन्ही आहेत, याचा मला फार अभिमान वाटतो.

आणि कोसंबींनी केलेला 'सुत्तनिपाता'चा मराठी अनुवाद. मिळाला तर सोडू नका.

पिंपळपान

अर्धमात्रा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. रथाची जोडी सुंदर आहे. पण एक गोष्ट मला खटकते आणि ती स्पष्ट लिहिते. तुम्ही सगळ्याचा वाद केला आहे. ज्यांनी हे लिहिलं त्यांच्यासाठी तो जगण्याचा प्रश्न होता.

मांडवीकाठ यांनी सुत्तनिपाताचं नाव काढलंच आहे. त्यातला अट्ठकवग्ग बौद्ध वाङ्मयातल्या सर्वात जुन्या थरांपैकी मानतात. तिथे बुद्ध पुन्हा पुन्हा सांगतो की जो आपल्या दृष्टीला चिकटतो, 'हेच खरं, बाकी खोटं' म्हणतो, तो भांडणात अडकतो. मज्झिम निकायातल्या चूळमालुंक्य सुत्तातला बाण तर सगळ्यांना माहीत आहे. विषारी बाण लागलेला माणूस म्हणतो, मारणाऱ्याची जात कोणती, धनुष्य कसलं, दोरी कशाची, हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही. तो तसाच मरेल. जग शाश्वत की अशाश्वत, जीव आणि शरीर एक की दोन, या प्रश्नांची उत्तरं बुद्धाने दिली नाहीत. तुमचा गट वर्षभर 'रथी आहे की नाही' यावर बोलत बसला, तर बाण तसाच राहिला की.

माझी सूचना अशी की वाचनाबरोबर काहीतरी करून पाहा. रोज थोडा वेळ आनापान, म्हणजे श्वासाकडे लक्ष देणं, केलं तरी 'सतिपट्ठान सुत्त' वेगळं वाचलं जातं. योगसूत्रांचंही तेच. दोनशेहून कमी सूत्रं, पण नुसती वाचली तर कोरडी वाटतात.

अर्धमात्रा

पिंपळपान ताई, हा आक्षेप हवाच होता. सतिपट्ठानाबद्दल तुमचं म्हणणं मान्य. श्वास न पाहता ते वाचणं म्हणजे पोहण्यावरचं पुस्तक कोरड्या जमिनीवर वाचणं.

पण बाणाची गोष्ट मी थोडी वेगळी वाचतो. मालुंक्यपुत्त धमकी देऊन प्रश्न विचारतो, उत्तर दिलं नाहीत तर मी शिक्षण सोडून जाईन. बुद्ध त्याला गप्प करत नाही, कारण देतो. हे प्रश्न सुटले तरी जन्म, जरा, मरण, शोक तसेच राहतात, म्हणून मी ते सोडवले नाहीत. कोणता प्रश्न विचारण्यासारखा आहे, यावरचाच हा युक्तिवाद आहे. अट्ठकवग्गाचंही तसंच आहे. दृष्टीला चिकटू नका हे पटवण्यासाठी आधी दृष्टी म्हणजे काय आणि माणूस तिला का चिकटतो, हे दाखवावं लागतं. तिथून सरळ रस्ता शून्यता मांडणाऱ्या बौद्ध नागार्जुनाकडे जातो. 'विग्रहव्यावर्तनी'त तो म्हणतो, माझी प्रतिज्ञाच, म्हणजे सिद्ध करायचं विधानच, नाही, म्हणून माझ्यावर दोषही येत नाही. आणि हे तो न्यायवाल्याचे आक्षेप एकेक करून नोंदवल्यावर म्हणतो. वादातून बाहेर पडायचा मार्गही त्याने वादातूनच काढला.

पिंपळपान

नागार्जुनाबद्दल मान्य. पण तो सुरुवातीला नको. 'मूलमध्यमककारिके'ची सत्तावीस प्रकरणं अभिधर्म, म्हणजे बौद्धांनी केलेलं अनुभवाच्या घटकांचं वर्गीकरण, माहीत नसताना वाचली, तर 'सगळं शून्य आहे' एवढंच हाती लागतं आणि माणूस चुकीच्या जागी जाऊन बसतो. ज्याने शून्यता वाईट पकडली त्याचा ती नाश करते, चुकीचा धरलेला साप करतो तसा, असं त्यानेच लिहून ठेवलंय.

अर्धमात्रा

+1. नागार्जुन दुसऱ्या वर्षी.

रानजाई

या धाग्यावर ज्ञानेश्वरी अजून कशी आली नाही? पहिल्या अध्यायातलं गणेशवर्णन उघडा. आपण ते मंगलाचरण म्हणून भरभर म्हणतो आणि पुढे जातो. दहावी ओवी पाहा:

देखा षड्दर्शनें म्हणिपती । तेची भुजांची आकृती ।
म्हणौनि विसंवादे धरिती । आयुधें हातीं ॥

सहा दर्शनं म्हणजे गणपतीचे सहा हात, आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही म्हणून प्रत्येक हातात वेगळं आयुध. तर्क हा परशू आहे, वेदान्त हा रसाळ मोदक आहे. आणि एका हातात जो मोडका दात आहे, तो वार्तिककारांनी खंडन केलेल्या बौद्धमताचा संकेत. 1290 साली नेवाशाला बसून हे लिहिणाऱ्याला भारतीय दर्शनांचं भांडण पूर्ण ठाऊक होतं, आणि श्रोत्यांनाही ते कळेल असा त्याचा विश्वास होता. अर्धमात्रा जो वाद म्हणताहेत तो आपल्याकडे आरतीच्या ताटापर्यंत येऊन पोचलेला आहे. आपण फक्त थांबून पाहत नाही.

तुमच्या गटाने या चार-पाच ओव्यांवर एक अख्खा रविवार घालवावा. प्रत्येक आयुध कोणत्या दर्शनाचं आणि ते त्याच्याच हातात का, एवढं शोधलं तरी अर्धी दर्शनं वाचून होतात. टीकाकारांचंही सगळीकडे एकमत नाही, त्यामुळे शोधायला वाव आहे.

पाऊलवाट (धागाकर्ती)

रानजाई, अंगावर काटा आला. ही ओवी मला पाठ आहे आणि मी तिच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. गटाला लगेच पाठवते.

दोन प्रश्न. न्यायाचा तो युक्तिवाद वाचायला कुठे सापडेल? सूत्रं थेट वाचणं झेपेल असं वाटत नाही. आणि चीनबद्दल कुणीच काही लिहिलेलं नाही.

हेतुहेत्वाभास

न्यायासाठी 'तर्कसंग्रह'. अन्नंभट्टाने सतराव्या शतकात मुलांना सहज समजावं म्हणून तो लिहिला, पहिल्याच श्लोकात तसं सांगितलं आहे. सात पदार्थ, चार प्रमाणं, डोंगरावरचा धूर आणि त्यावरून अग्नीचं अनुमान. छोटा आहे, शाळेतल्या संस्कृतावर जमतो. इंग्रजी टिपा हव्या असतील तर आठल्ये आणि बोडस या आपल्याच मंडळींची 1897 ची मुंबई संस्कृत मालेतली आवृत्ती अजूनही पुनर्मुद्रित होते. मूळ ग्रंथापेक्षा टिपा कितीतरी पट आहेत आणि सगळ्या कामाच्या आहेत.

आणखी एक सांगतो, कारण ते पुण्यात घडलं आणि आपल्याला फारसं माहीत नसतं. 1983 साली मे. पुं. रेगे, दया कृष्ण आणि इतरांनी परंपरेने शिकलेले नैयायिक पंडित आणि विद्यापीठांतले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक यांना एकत्र बसवलं. विषय होता इंग्रज तत्त्वज्ञ रसेलची प्रपोझिशन, म्हणजे विधान, ही कल्पना. ती संस्कृतात मांडली गेली आणि पंडितांनी तिची चिरफाड केली. वाक्याचा अर्थ वाक्याबाहेर, कुणाच्याही ज्ञानाबाहेर स्वतंत्रपणे असतो, हे त्यांना मुळातच मान्य होण्यासारखं नव्हतं. ही चर्चा 1991 मध्ये 'संवाद' नावाने पुस्तकरूपात आली. पहिल्या वर्षी वाचायचं पुस्तक नाही, पण हे शास्त्र जिवंत आहे याचा इतका चांगला पुरावा दुसरा नाही. रेग्यांचं मराठी लेखनही शोधा. त्यांच्याइतकं स्वच्छ मराठीत तत्त्वज्ञान लिहिणारे थोडे.

उत्तरवारा

चीनबद्दल मी लिहितो. गेली काही वर्षं सिंगापुरात आहे आणि चिनी हळूहळू शिकतोय, तेव्हा हा विषय जवळचा आहे.

बहुतेक जण लाओत्सेच्या नावावरच्या 'ताओ ते चिंग'पासून सुरुवात करतात, कारण ते लहान आहे. 81 प्रकरणं, सगळी मिळून पाचेक हजार अक्षरं. पण ते लहान आहे म्हणूनच अवघड आहे. ओळी इतक्या आटीव आहेत की भाषांतरकार त्यात स्वतःला हवं ते घालू शकतो, आणि अनेकांनी घातलंय. 1973 मध्ये मावांगत्वी इथल्या थडग्यात रेशमावर लिहिलेल्या प्रती सापडल्या, त्यांत 'ते' हा भाग आधी आणि 'ताओ' नंतर निघाला. 1993 मध्ये क्वोत्येनला बांबूच्या पट्ट्यांवरची आणखी जुनी प्रत सापडली, तिच्यात आजच्या पुस्तकाचा थोडाच भाग आहे. कुणा एका म्हाताऱ्याने सीमेवर बसून एका बैठकीत लिहिलेलं पुस्तक ही गोष्ट त्यानंतर टिकत नाही. वाचायचं तर डी. सी. लाउंचं भाषांतर घ्या, आणि एकाच प्रकरणाची दोन भाषांतरं शेजारी ठेवा.

माझं मत विचाराल तर सुरुवात दुसऱ्या ताओवादी ग्रंथापासून, च्वांग-त्झपासून. 33 प्रकरणांतली पहिली सात, बर्टन वॉटसनच्या भाषांतरात. फुलपाखराचं स्वप्न सगळ्यांना ऐकून माहीत असतं. पण ते ज्या दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी येतं, त्याच प्रकरणात आधी एक उतारा आहे आणि तो तुमच्या रथाच्या शेजारी नेऊन ठेवता येतो. तो म्हणतो, शंभर सांधे, नऊ छिद्रं, सहा अवयव, सगळे इथे आहेत. यातला कोणता मला जास्त जवळचा? सगळे नोकरच आहेत का? नोकर असतील तर एकमेकांवर राज्य कसं करतात? की पाळीपाळीने मालक होतात? की आत कुणी खरा मालक आहे? आणि तो उत्तर देत नाही. मालक सापडला काय आणि न सापडला काय, त्याच्या खरेपणात भर पडत नाही की घट होत नाही, असं म्हणून पुढे जातो. यम म्हणतो आहे, नागसेन म्हणतो नाही, आणि हा तिसराच माणूस प्रश्न हातात धरून उभा राहतो. मला वाचताना अतिशय मोकळं वाटलं होतं.

कन्फ्यूशियसला मात्र घाईने बाजूला सारू नका. त्याच्या वचनांच्या 'लुन-यू' या संग्रहाची वीस पुस्तकं सलग वाचली तर तुकडे वाटतात. एकेक प्रसंग घेऊन बोला. तेराव्या पुस्तकात एक सरदार अभिमानाने सांगतो की आमच्याकडे एक सरळ माणूस आहे, बापाने मेंढी चोरली तर त्याने बापाविरुद्ध साक्ष दिली. कन्फ्यूशियस म्हणतो, आमच्याकडचे सरळ लोक वेगळे, बाप मुलासाठी झाकतो आणि मुलगा बापासाठी, सरळपणा त्यातच आहे. चौघांच्या गटाला यावर एक सकाळ पुरणार नाही. 'मी कोण' या प्रश्नाचं कन्फ्यूशियसचं उत्तरही इथेच दडलेलं आहे. मी म्हणजे आधी कुणाचा तरी मुलगा, कुणाचा भाऊ, कुणाचा मित्र. नाती काढून घेतल्यावर उरणारा 'मी' शोधायची त्याला गरजच वाटत नाही. मृत्यूबद्दल विचारलं तर तो म्हणतो, जगणं अजून कळलं नाही, मरणाचं काय कळणार.

त्यानंतर मेंग-त्झ. विहिरीत पडू पाहणारं मूल दिसलं की कुणाचाही जीव दचकतो, यावरून माणूस मुळात चांगला असं तो म्हणतो. त्याच्या विरोधात शुन-त्झ. माणसाचा स्वभाव वाईट आहे, चांगुलपणा प्रयत्नाने घडवावा लागतो, हे त्याचं म्हणणं. म्हणजे इथेही जोडीच वाचायची. नकाशा म्हणून फंग यू-लान यांचं 1948 चं 'अ शॉर्ट हिस्टरी ऑफ चायनीज फिलॉसॉफी' पुरे.

भारत आणि चीन वेगवेगळे कप्पे नाहीत हेही लक्षात ठेवा. सातव्या शतकात भारतभर फिरलेला चिनी भिक्षू श्वान-त्सांग (ह्युएन त्संग) महाराष्ट्रातही आला होता, पुलकेशीबद्दल त्याने लिहिलं आहे. परत गेल्यावर त्याने बौद्ध ग्रंथांबरोबर वैशेषिकांचा 'दशपदार्थशास्त्र' हा ग्रंथही चिनी भाषेत नेला. मूळ संस्कृत आज नाही. आपला हा ग्रंथ फक्त चिनीत उरला आहे.

जपानबद्दल एवढंच: झेन गुरू दोगेनचं 'गेन्जोकोआन' हे छोटं प्रकरण शेवटच्या महिन्यात वाचा. बुद्धमार्ग शिकणं म्हणजे स्वतःला शिकणं, स्वतःला शिकणं म्हणजे स्वतःला विसरणं, ही ओळ त्यातली. तुमचाच प्रश्न आहे. क्योतोचे निशिदा वगैरे विसाव्या शतकातले, ते पश्चिमेकडचं थोडं वाचल्याशिवाय लागणार नाहीत.

रानजाई

उत्तरवारा, याचा स्वतंत्र लेख करा अशी विनंती. वाचनखूण साठवली.

पाऊलवाट (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. आज गटात चर्चा झाली. 'निवेदन' प्रत्येकाने घरी वाचायचं ठरलं. रविवारी क्रमाने कठ, मैत्रेयीचा संवाद, मिलिंदप्रश्नातला रथ, गणेशवर्णनाच्या ओव्या, मग तर्कसंग्रह. दिवाळीनंतर च्वांग-त्झ आणि लुन-यू. गीता त्यानंतर. दोघे जण आनापान करून पाहणार आहेत.

शेवटचं विचारते. मिलिंदप्रश्नाचं मूळ पाली देवनागरीत कुठे मिळेल? आणि स्मरणाच्या मुद्द्यावर बौद्धांनी उत्तर दिलं असं अर्धमात्रा म्हणाले, ते कुठे आहे?

पिंपळपान

इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने सगळं पाली तिपिटक देवनागरीत छापलं आहे आणि तेच आंतरजालावर विनामूल्य आहे, अट्ठकथांसकट (म्हणजे जुन्या टीकांसकट). मिलिंदपञ्हही त्यात मिळेल. संस्कृत येणाऱ्या माणसाला पाली पहिल्या पानापासूनच ओळखीची वाटते, तेव्हा भाषांतराशेजारी मूळ ठेवाच. रथ आधी भिक्षुणी वजिरेच्या तोंडी येतो, संयुत्त निकायात. मोहात पाडणारा मार तिला विचारतो, हा प्राणी कुणी घडवला? ती त्याला सांगते की सुटे भाग जुळल्यावर जसा 'रथ' हा शब्द वापरतात, तसे स्कंध, म्हणजे शरीर-मनाचे घटक, असले की 'प्राणी' म्हणतात. पानभर मजकूर आहे. नागसेनाआधी तो वाचा.

अर्धमात्रा

स्मरणाचं उत्तर बौद्ध आचार्य वसुबंधूच्या 'अभिधर्मकोशभाष्या'च्या नवव्या प्रकरणात आहे. इंग्रजीत श्चेरबात्स्कींचं जुनं भाषांतर मिळतं, ड्युर्लिंगर यांचं 2003 चं नवंही आहे. थोडक्यात त्याचं म्हणणं असं: आठवायला एकच कुणीतरी टिकून राहावा लागत नाही. पाहणारं चित्त आणि आठवणारं चित्त एकाच प्रवाहातली असली आणि पहिल्यातून दुसरं उपजलं असलं की पुरे. देवदत्ताने पाहिलेलं यज्ञदत्ताला आठवत नाही, कारण त्यांच्या चित्तांमध्ये असा कार्यकारणसंबंध नाही.

पण त्या प्रकरणाचा पहिला अर्धा भाग न्यायवाल्यांशी नाहीच. तो बौद्धांमधल्याच वात्सीपुत्रीयांशी आहे. पुद्गल स्कंधांहून वेगळाही नाही आणि तेच स्कंधही नाही, जसा अग्नी इंधनाहून, असं ते म्हणत. वसुबंधू त्यांना एकेका पावलावर अडवतो. तिथून सुरू करा. न्यायवाल्यांचा भाग पुढे येईल, तोपर्यंत तर्कसंग्रह संपलेला असू द्या.